बुसानच्या जागतिक ग्रंथालय परिषदेला जावं का? कुणी अशा परिषदेला जाऊन आलंय का?

देवघेव_काउंटर

नमस्कार मंडळी,

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथं मी अकरा वर्षं ग्रंथपाल आहे. कर्मचारी आम्ही तिघं. काही दिवसांपूर्वी एक ईमेल आला आणि तेव्हापासून नीट झोप लागेना, म्हणून इथं विचारतोय.

इफ्ला या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची जागतिक परिषद २०२६ साली दक्षिण कोरियात बुसानला आहे, १० ते १३ ऑगस्ट. आपला ग्रंथपाल दिन, १२ ऑगस्ट, नेमका त्यात येतो. मी तिथं एक पोस्टर, म्हणजे मोठ्या कागदावर आपल्या कामाची मांडणी, पाठवलं होतं, ते त्यांनी स्वीकारलंय.

विषय असा: आमच्या अभ्यासिकेत रोज साठ-सत्तर मुलंमुली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. पुस्तकं त्यांची स्वतःची. आमच्याकडून त्यांना हवी असते खुर्ची, पंखा आणि शांतता. वर्षभर मी रोज संध्याकाळी त्यांच्या टेबलांवर एकेक कथासंग्रह नाहीतर प्रवासवर्णन ठेवत गेलो, काही न बोलता. कुणी उचललं, कुणी चाळलं, कुणी घरी नेलं, ते एका वहीत टिपत गेलो. त्या वहीवरच पोस्टर केलंय.

आता अडचण. संचालक मंडळात विषय निघाला तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, “तिथून तू काय आणणार? पुस्तकं फोनवर आली, आता एआय आलंय, दहा वर्षांनी वाचनालय तरी राहील का?” मला तिथल्या तिथं उत्तर सुचलं नाही. खर्चही मोठा आहे. रजा मिळेल, पैसे माझे मलाच उभे करावे लागतील.

आपल्यासारख्या छोट्या वाचनालयातून कुणी अशा परिषदेला गेलंय का? तिथं काय बघावं, कुणाला भेटावं? माझं इंग्रजी वाचण्यापुरतं बरं आहे, बोलताना अडखळतं. आणि खरं सांगा, परत आल्यावर कामात काही फरक पडतो का?

---

पंचगंगाकाठ

दादा, आधी मनापासून अभिनंदन. आणि उत्तरही आधीच देते: जा.

मी इचलकरंजीजवळच्या एका गावात ग्रंथपाल आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला झालेल्या इफ्लाच्या परिषदेला मी गेले होते, माझंही पोस्टरच होतं. खर्च प्रवास, राहणं, व्हिसा, नोंदणी मिळून पावणेदोन लाखांच्या घरात गेला. निम्मे पैसे साठवलेले होते, थोडे भिशीचे, आणि सभासदांनी न मागता एका पाकिटात घालून आणून दिलेले एकवीस हजार. ते पाकीट अजून माझ्याकडे आहे. त्यामुळे तुमची झोप का उडालीय ते मला कळतं.

माझं पोस्टर काय होतं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

आमच्याकडं घराघरात यंत्रमाग आहेत. मागाच्या धोट्यात (शटलमध्ये) जी कांडी बसते, तिच्यावर सूत भरून द्यायचं काम बहुतेक बायका करतात. आता शटललेस माग आले तसं हे काम कमी होत चाललंय, पण आमच्या गल्लीत अजून आहे. या बायका वाचनालयाच्या सभासद व्हायच्या, दोन महिने यायच्या आणि वर्गणी थकवून बंद व्हायच्या. मी एकीला विचारलं तर ती म्हणाली, “ताई, पुस्तक धरू कशानं? दोन्ही हात कांडीत.” त्या एका वाक्यावर मी आठवड्यातून तीन दुपारी त्यांच्या शेडमध्ये जाऊन मोठ्यानं वाचायला लागले. कांडीच्या मशीनचा आवाज मागापेक्षा कमी असतो, जरा आवाज चढवला की ऐकू जातं. चार वर्षं झाली होती तेव्हा. पोस्टरचं नाव ठेवलं होतं, ‘हात गुंतलेले, कान मोकळे’.

पोस्टर फ्लेक्सवर छापून नळीत घालून नेलं होतं. विमान बदलताना ती नळी कुठंतरी राहिली. रॉटरडॅमला उतरले तेव्हा हातात बॅग होती, पोस्टर नव्हतं. त्या रात्री मी खरंच रडले. मग एका दुकानातून मोठे पांढरे कागद आणि जाड पेनं आणली, खोलीतल्या फरशीवर पसरून सगळं हातानं लिहून काढलं. फोटो नव्हते. बॅगेत भेट द्यायला म्हणून आठ-दहा कांड्या घेतल्या होत्या, सूत भरलेल्या. त्यातल्या चार कागदावर चिकटपट्टीनं लावल्या.

दुसऱ्या दिवशी त्या कांड्यांनीच माणसं थांबवली. आजूबाजूला सुंदर छापलेली पोस्टरं होती, आलेख होते. माझ्याकडं येणारा प्रत्येकजण आधी कांडीला हात लावायचा आणि विचारायचा, हे काय आहे? मग माझं अडखळतं इंग्रजी आड आलंच नाही, कारण कांडी काय हे सांगायला हातच पुरतात.

तिथं लॅटिन अमेरिकेतल्या एक ग्रंथपाल बाई आल्या, साठीच्या पुढच्या. कांडी हातात घेतली, पोस्टर हळूहळू वाचलं, आणि माझा दंड धरून म्हणाल्या, हे आमच्याकडं आहे! क्युबात सिगारच्या कारखान्यात कामगार तंबाखूची पानं वळत बसतात, हात गुंतलेले, आणि उंच चौथऱ्यावर बसून एक वाचक त्यांना वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचून दाखवतो. हवानात हे १८६५ सालापासून चालू आहे. सुरुवातीला त्या वाचकाचा पगार कामगार स्वतःच्या मजुरीतून द्यायचे. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आमच्या गल्लीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये जे चालतं त्याला दीडशेहून अधिक वर्षांचं एक सख्खं नातं समुद्रापलीकडं आहे, हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. आम्ही दोघी तिथं उभ्या राहून किती वेळ बोललो ते आठवत नाही. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा जरा कच्चं होतं.

तुमच्या सदस्यांनी विचारलं ना, काय आणणार? मी हे आणलं. परत आल्यावर शेडमध्ये पहिल्या दुपारी क्युबाची गोष्ट सांगितली. मशीन बंद करून ऐकत बसल्या सगळ्या. एक म्हणाली, “म्हंजे आपण एकट्या न्हाई.” त्यानंतर त्यांनी आपणहून ठरवलं की काय वाचायचं हे त्या मतानं निवडतील, कारण क्युबातले कामगारही तसंच निवडतात.

आता भविष्यातल्या वाचनालयाबद्दल. परिषदेत या विषयावर दिवसभर सत्रं असतात आणि चार-पाच दालनांत एकाच वेळी चालू असतात. सगळीकडं धावू नका. मी पहिल्या दिवशी धावले आणि रात्री वहीत काहीच नीट लिहिलेलं सापडलं नाही. मोठ्या सत्रांत दुभाषे असतात, पण इफ्लाच्या सात अधिकृत भाषांत हिंदी नाही, मराठीचा तर प्रश्नच नाही. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी एक वेगळी बैठक असते, तिला मात्र नक्की जा.

मला जास्त शिकवलं ते ग्रंथालयं प्रत्यक्ष बघण्यानं. ब्लाक स्टेशनच्या बाहेर पडलात की रॉटरडॅमचं मध्यवर्ती ग्रंथालय दिसतं, १९८३ सालची इमारत, बाहेरून मोठाले पिवळे पाइप. आत तळमजल्यावर जमिनीवर बुद्धिबळाचा भलामोठा पट आहे, सोंगट्या गुडघ्याएवढ्या. दोन म्हातारे खेळत होते, भोवती पाच-सहाजण उभे. खेळणारा सोंगटी उचलायला वाकला की बाकीचे वेगवेगळ्या भाषांत काहीतरी सुचवायचे. त्यांच्यातल्या एकाच्याही हातात पुस्तक नव्हतं, आणि त्यांना तिथून कुणी हटकत नव्हतं. त्याच इमारतीत इरॅस्मस या जुन्या डच विचारवंताच्या ग्रंथांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह आहे. दोन्ही एकाच छपराखाली. आपल्याकडं पारावरची माणसं वाचनालयाच्या पायरीपर्यंत येतात आणि थांबतात. पायरीच्या आत त्यांच्यासाठी काय आहे, याचा विचार मी तिथं उभी राहून पहिल्यांदा केला.

दुसरी गोष्ट मदतीच्या टेबलाची. नेदरलँड्समध्ये २०१९ पासून ग्रंथालयांत एक माहिती-केंद्र असतं. सरकारी कामं सगळी ऑनलाइन झाल्यावर ज्यांना ती जमत नाहीत त्यांनी तिथं यायचं. कर, भत्ते, सरकारी लॉगिन, आलेलं पत्र कळलं नाही, काहीही. मला वाटायचं, असल्या प्रगत देशात कुणाला याची गरज? तर साधारण पावणेदोन कोटी लोकवस्तीच्या त्या देशात, तेव्हाच्या आकड्यांनुसार, सुमारे २५ लाख मोठ्या माणसांना वाचणं, लिहिणं किंवा हिशेब करणं जड जातं. मी गेले तेव्हा त्या टेबलाशी एक आजी बसल्या होत्या, चेहरा अगदी आपल्यातला. सुरीनामी हिंदुस्तानी. त्यांचे पणजोबा कलकत्त्याहून मजूर म्हणून जहाजानं सुरीनामला गेलेले. तसं पहिलं जहाज १८७३ साली पोचलं, म्हणजे मी गेले त्या वर्षी त्याला दीडशे वर्षं झाली होती. त्यांची सरनामी बोली आणि माझी हिंदी, एकमेकींना पुरेशी कळली. हातात कुठल्यातरी भत्त्याचं पत्र होतं. टेबलामागच्या मुलीनं ते त्यांच्यासाठी भरून टाकलं नाही. त्यांच्या शेजारी बसली, कुठं बोट ठेवायचं ते दाखवलं, आणि आजींनी स्वतः भरलं. वीस मिनिटं लागली. मागं रांग होती, कुणी चुळबुळ केली नाही.

आपल्याकडं हेच लोक आपल्या काउंटरवर येतात की नाही सांगा. रेशनचं ई-केवायसी, सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, फोनवर आलेला ओटीपी. आपण म्हणतो, हे वाचनालयाचं काम नाही, पलीकडं सेवा केंद्र आहे. मीही म्हणायचे. आता म्हणत नाही. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी पाच ते सात, एक टेबल त्यासाठी ठेवलंय. कॉलेजच्या दोन मुली बसतात. नियम एकच: आपण भरून द्यायचं नाही, शेजारी बसायचं. वर्षात त्या टेबलावरून उठून सभासद झालेल्यांची मी वेगळी नोंद ठेवली, त्रेसष्ट.

एआयबद्दल तुमच्या सदस्यांना माझा एक अनुभव सांगा. गेल्या जूनमध्ये बी.ए.ची एक मुलगी फोनवर यादी घेऊन आली. यंत्रमाग कामगारांच्या जीवनावरच्या दहा मराठी कादंबऱ्या, लेखक, प्रकाशक, सालासकट. नावं इतकी चांगली की मलाच वाटलं, आपल्याला कशी माहीत नाहीत? दाखल नोंदवही बघितली, प्रकाशकांच्या जुन्या सूच्या काढल्या, दोन मोठ्या ग्रंथालयांत फोन केले. अर्धा दिवस गेला. दहापैकी सहा पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. लेखक खरे, पुस्तक कधी लिहिलेलंच नाही. तिचा चेहरा उतरला, कारण तिनं प्रबंधाच्या प्रस्तावनेत ती नावं घालून टाकली होती. मग मी तिला खरी मिळाली ती पुस्तकं दिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमध्ये घेऊन गेले. तिचा प्रबंध शेवटी त्या बायकांच्या मुलाखतींवर झाला.

इफ्लानं २०१३ साली पहिला कल-अहवाल, म्हणजे जग कुठं चाललंय याचा अहवाल, काढला होता, आणि २०२४ च्या अहवालात एआयच्या बरोबरीनं दोन गोष्टी आहेत: विश्वास कशावर ठेवायचा हा प्रश्न नव्यानं उभा राहतोय, आणि माणसं एकमेकांच्या सहवासाच्या शोधात आहेत. ते वाचताना मला ती मुलगी आणि बुद्धिबळाचे म्हातारे डोळ्यांसमोर आले. हे पुस्तक आहे आणि हे नाही, असं जबाबदारीनं सांगणारं माणूस गावात लागणारच आहे. पूर्वी आपण पुस्तक कुठं आहे ते सांगायचो.

एक गोष्ट मला पटली नाही, तीही सांगते. डेन्मार्कमध्ये बरीच ग्रंथालयं सकाळी लवकर आणि रात्री कर्मचाऱ्यांशिवाय उघडी असतात. सभासद कार्ड दाखवून आत जातो, स्वतः पुस्तक नोंदवतो. ऐकायला छान आहे. पण आमच्या अभ्यासिकेत रात्री साडेनऊपर्यंत मुली बसतात त्या काउंटरवर मी किंवा आमचे शिपाईमामा असतो म्हणून. घरच्यांनी तसं विचारूनच पाठवलंय. कार्डानं उघडणाऱ्या त्या कुलपात माझी जागा घेणारं काही नाही.

आणि नेदरलँड्समधलंच तिलबुर्ग. जमलं तर आधीच फोटो बघून ठेवा. रेल्वे इंजिनांच्या जुन्या शेडचं ग्रंथालय केलंय, २०१९ पासून उघडं आहे. जमिनीतले जुने रूळ तसेच ठेवून त्यांच्यावर चाकांची मोठी टेबलं बसवलीत, ढकलली की सरकतात. आणि छतापासून जमिनीपर्यंत अवाढव्य पडदे. ते सरकवले की एका मोठ्या शेडच्या चार खोल्या होतात. तिलबुर्ग हे लोकरीच्या गिरण्यांचं गाव होतं, गिरण्या गेल्या, आणि हे पडदे तिथल्याच कापड-संग्रहालयाच्या कार्यशाळेच्या मदतीनं घडवलेत. बरोबरचे सगळे वर छताकडं बघत होते. मी पडद्याची किनार हातात धरून उभी होते. माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं माग चालवला. कापड हातात आलं की ते आधी किनार बघायचे. त्या गावानं आपल्या ग्रंथालयात आपला धंदा असा टांगून ठेवलाय, आणि आमच्या वाचनालयात मागाबद्दलचं साधं कपाटसुद्धा नव्हतं. आता आहे. कपाटात पुस्तकं थोडी, बाकी जुने नमुने, मजुरीच्या पावत्या, युनियनची पत्रकं, फोटो. लोक आणून देतात.

तुमचं पोस्टर मला फार आवडलं. ती वही मूळची घेऊन जा, छापील प्रत नको.

---

जुना_सभासद

मी चाळीस वर्षं वाचनालयाचा वर्गणीदार आहे, म्हणून परखड लिहितो. पावणेदोन लाखांत वाचनालयाला सहा-सातशे चांगली पुस्तकं आली असती. पैसे ज्याचे त्याचे, हे मान्य. पण अनुदानाचा हप्ता वेळेवर येत नाही, कर्मचाऱ्यांचं मानधन तुटपुंजं, छप्पर गळतं, अशा वेळी परदेशातल्या इमारती बघून आपलं काय होणार? पंचगंगाकाठ ताईंनी शेडमध्ये वाचायला सुरुवात केली ती तर रॉटरडॅमला जायच्या आधीच.

---

पंचगंगाकाठ

काका, तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि मी तो स्वतःला व्हिसाच्या रांगेतही विचारला होता.

वाचन आधीच सुरू होतं, खरंय. पण जायच्या आधीच्या वर्षी मी ते बंद करायच्या बेतात होते. मंडळातून दोनदा विचारणा झाली होती की ग्रंथपालानं दुपारी जागेवर असावं, आणि नोंदवहीत या बायकांची देवघेव दिसत नाही. दिसणार कशी? त्या पुस्तक नेत नव्हत्या, ऐकत होत्या. परत आल्यावर मी ऐकणाऱ्यांची वेगळी नोंदवही सुरू केली, तारीख, पुस्तक, पान, उपस्थिती. ती मंडळासमोर ठेवली. तेव्हापासून ते काम माझ्या कामाच्या वेळेत धरलं जातं. सहा-सातशे पुस्तकं आली असती तर मला आनंदच झाला असता. पण त्या एकोणतीस बायकांपैकी कुणाच्या हातात त्यातलं एकही गेलं नसतं.

छप्पर आमचंही गळतं. जूनच्या आधी ताडपत्री टाकतो.

---

डेल्फ्टमधून

मी नऊ वर्षं नेदरलँड्समध्ये आहे, नोकरीच्या निमित्तानं. ताईंनी लिहिलेलं वाचून बरं वाटलं, पण चित्राची दुसरी बाजूही असावी म्हणून लिहितो.

इथंही गेल्या काही वर्षांत खर्चकपातीत बऱ्याच शाखा बंद झाल्या. आणि मुलांचं वाचन हा इथं मोठा काळजीचा विषय आहे. २०२२ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं वाचनाच्या किमान पातळीखाली निघाली. त्यामुळे इथून काही घ्यायचं असेल तर इमारतींपेक्षा बाळांची योजना घ्या असं मी म्हणेन.

आमची मुलगी काही महिन्यांची असताना घरी पत्र आलं की ग्रंथालयात येऊन बाळाची पेटी घेऊन जा. गेलो. पुठ्ठ्याची छोटी सुटकेस, आत बाळासाठी जाड पानांची पुस्तकं, आणि तिथल्या तिथं मुलीला सभासद करून घेतलं, विनावर्गणी. अठरा वर्षांपर्यंत मुलांना वर्गणी नसते. ग्रंथपाल बाईंनी आम्हाला विचारलं, घरी कुठली भाषा बोलता? मी जरा संकोचून मराठी म्हणालो. त्या म्हणाल्या, मग मराठीतच वाचून दाखवा, डच ती शाळेत शिकेल. हे इतक्या स्पष्टपणे आम्हाला आमच्या नातेवाइकांनीही कधी सांगितलं नव्हतं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’च्या पेट्या परदेशी मराठी घरांपर्यंत पोचतात त्या किती मोलाच्या आहेत, हे तेव्हा कळलं. ती सुटकेस अजून आहे. आता तिच्यात मराठी पुस्तकं राहतात.

---

तालिका_दुरुस्ती

दादा, मी ग्रंथालयांच्या संगणकीकरणाचं काम करतो. परिषदेत प्रदर्शन-दालन असतं, तिथं यंत्रमानव, आरएफआयडी (पुस्तकावरची रेडिओ-चिप), स्वयंचलित कपाटं, एआयचे शोध-साहाय्यक, सगळं मांडलेलं असेल. बघा जरूर, पण घरी येऊन आधी एक काम करा: तुमच्या पुस्तकांची यादी कुठल्या फॉन्टमध्ये आहे ते तपासा.

मी गेल्या वर्षी एका वाचनालयाची सतरा हजार नोंदींची यादी उघडली. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी मान मोडून टाइप केलेली, जुन्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट संगणकात नसेल तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची रांगोळी. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर दिसेल अशा रूपात, आणायला चार महिने लागले, कारण जोडाक्षरं आणि रफार हातानं तपासावे लागले. मग पुढची गंमत: पु. ल. देशपांडे सात प्रकारे लिहिलेले. कुठं ‘पु.ल.’, कुठं ‘पुल’, कुठं ‘देशपांडे पु ल’, कुठं पूर्ण पुरुषोत्तम लक्ष्मण. वाचक एका प्रकारे शोधतो, त्याला सहावा हिस्सासुद्धा दिसत नाही. ही यादी नीट नसेल तर तिच्यावर कुठलाही एआय बसवा, तो तेच चुकीचं जास्त वेगानं सांगेल.

कोहा हे ग्रंथालयाची यादी आणि देवघेव सांभाळणारं सॉफ्टवेअर अनेकांना माहीत असेल. ते कुठल्या बड्या विद्यापीठात जन्मलेलं नाही. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या ग्रामीण भागातल्या ग्रंथालयाला २००० साल लागताना आपली जुनी प्रणाली बंद पडेल अशी भीती होती, नवी घ्यायला पैसे नव्हते. त्यांनी स्वतःपुरती करून घेतली, जानेवारी २००० मध्ये सुरू केली आणि सगळ्यांना मोफत खुली केली. कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट. आज जगभर चालते, मराठी नोंदीही तिच्यात व्यवस्थित बसतात. बुसानला कोहावाले कुणी भेटले तर तुमच्या अडचणी मोकळेपणी सांगा, ही मंडळी ऐकून घेतात.

---

देवघेव_काउंटर

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं उत्तर काल रात्री मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. क्युबाच्या गोष्टीपाशी ती म्हणाली, तिकीट काढा.

काका, तुमचं म्हणणं मी मंडळासमोर जसंच्या तसं मांडणार आहे, कारण ते तिथंही कुणाच्या तरी मनात असणारच.

यादी तपासली. जुन्याच फॉन्टमध्ये आहे. तालिका_दुरुस्ती सर, तुम्हाला वेगळं लिहितो.

ताई, एकच शेवटचं. मूळची वही न्या म्हणालात खरं, पण ती अगदी साधी आहे, दोनशे पानी, कोपरे दुमडलेले, मध्येमध्ये चहाचे डाग. काही नोंदी फक्त ‘खिडकीजवळचा पोरगा, आज परत ठेवलं नाही’ अशा. तिथं मांडण्यासारखं आहे का ते?

---

पंचगंगाकाठ

दादा, ती नोंद सगळ्यांत वर ठेवा, उघडून. खाली इंग्रजीत एकाच ओळीत अर्थ लिहा, दोरी बांधून पेन ठेवा आणि शेवटची दहा पानं कोरी सोडा. वाचणाऱ्यांना त्यांच्या ग्रंथालयातला खिडकीजवळचा पोरगा लिहायला सांगा, त्यांच्या भाषेत. ती पानं इथं आणलीत की मला फोटो पाठवा.

आणि वही व पोस्टर हातातल्या पिशवीतच ठेवा. सामानात टाकू नका.